गेममध्ये काळा सूट विकत घ्यायचा आणि अंधाऱ्या जिन्यात बसायचं, याला कौशल्य म्हणायचं का?

जेटीवरचा (रत्नागिरी)

गणपतीत मुंबईचे सगळे घरी आले की आरती-भजन आटोपल्यावर आमच्या ओटीवर फोनवरच्या गोळीबाराच्या गेमची कस्टम रूम, म्हणजे आपल्या आपल्यातली मॅच, लागते. यंदा दोन पूर्ण स्क्वॉड (संघ) झाले. शेवटच्या राऊंडला माझ्या बाजूने मी आणि समोरून पुतण्या, एवढेच उरलो. दुमजली घराचा खालचा मजला मी नीट तपासला, जिना चढायला लागलो आणि वळणावर मेलो. कुठून गोळी आली तेही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग लावलं. ब्राइटनेस पूर्ण वाढवला तरी वळणावर कोणी दिसेना. चित्र थांबवून दोन बोटांनी मोठं केलं तेव्हा कठड्यामागे एक खांदा आणि हेल्मेटची कड दिसली. अंगभर काळा सूट, पैसे देऊन घेतलेला. माझा क्रॉसहेअर, म्हणजे नेम धरायची खूण, त्या खांद्यावरून सरकून पुढे गेला होता. म्हणजे मी बघितलं नाही असं नाही. बघूनही तिथे माणूस आहे हे कळलं नाही.

पुतण्या माझ्यापेक्षा चांगला खेळतो, ते मला मान्य आहे. पण मॅचमध्ये एअरड्रॉपमधून, म्हणजे आकाशातून पडणाऱ्या पेटीतून, गिली सूट (गवतात मिसळून जाणारा पोशाख) मिळतो, त्यासाठी उघड्यावर धावावं लागतं, चार स्क्वॉड तिकडे टपलेले असतात. तो सूट कमावलेला. हा काळा सूट मॅच सुरू व्हायच्या आधीच अंगावर असतो, तोही फक्त ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याच्या. विकत घेतलेल्या कपड्याने समोरच्याच्या डोळ्यावर परिणाम व्हायला नको, असं माझं ठाम मत आहे.

वेंगुर्ल्याचो

माका ह्या पटूक नाय. झील जिन्यात बसलो, वाट बघल्यान, येळेर गोळी मारल्यान. हेच्यात कपड्याचो काय दोष? साध्या शर्टात असतो तरी मारल्यानच असतो. आणि ओटयेर टूबखाली बसान खेळलास तर स्क्रीनीर उजेड पडता, काळोखातला काय दिसाचा?

दुसरा म्हणजे गेम फुकट आसा. तो सर्व्हर चलता कोणाच्या पैशार? असले सूट घेणाऱ्यांच्याच. तुमी एक रुपयो देवचा नाय आणि त्येंका म्हणाचा की असो घाल नि तसो घाल, ह्या बरोबर नाय.

जेटीवरचा (रत्नागिरी)

ट्यूबलाइटचं म्हणणं रास्त आहे. पण रेकॉर्डिंग मी आतल्या खोलीत, दिवा घालवून पाहिलं होतं.

आणि हे फक्त माझ्या ओटीवरचं दुखणं नाही. कॉल ऑफ ड्यूटीच्या वॉरझोन या गेममध्ये 2020 साली रोझ नावाच्या पात्राला 'रूक' हा डोक्यापासून पायापर्यंत काळा पोशाख बॅटल पासमधून, म्हणजे पैसे भरून उघडणाऱ्या बक्षिसांच्या यादीतून, मिळाला. पाहता पाहता लॉबीत (मॅचआधी खेळाडू थांबतात तिथे) जिकडेतिकडे रोझच. खोल्यांच्या कोपऱ्यांत ती दिसायचीच नाही. खेळाडूंनी इतकी ओरड केली की 2021 मध्ये बनवणाऱ्यांनाच तो पोशाख उजळ करावा लागला. कपड्याचा दोष नव्हता तर बदलला कशाला?

देवगडची

मी दुसऱ्या बाजूने बोलते. माझं पात्र गडद पिवळा रेनकोट घालतं. माळरानावर मी अर्ध्या मैलावरून दिसते, त्यापायी कित्येकदा मेले आहे. तरी तो काढत नाही. माइक चालू केला की मुलीचा आवाज ऐकून काय काय ऐकावं लागतं हे इथल्या बायकांना सांगायला नको, म्हणून मी माइक बंद ठेवते. माझा स्क्वॉड मला ओळखतो तो त्या रेनकोटवरून. "पिवळी डावीकडे गेली, कव्हर द्या," असं ते म्हणतात. दोन वर्षं झाली, माझं नाव त्यातल्या दोघांना अजून माहीत नाही.

तुम्ही म्हणता तसं सगळ्यांना सारखेच साधे कपडे केले की पहिला जाईल तो माझा रेनकोट. उठून दिसण्याचं नुकसान मी आपणहून सोसते, त्याबद्दल कोणी कधी धागा काढला नाही. मग लपणाऱ्याच्या फायद्याबद्दलच का? शिवाय काळा सूट बर्फाच्या नकाशात घालून बघा. पहिल्या दोन मिनिटांत लॉबीत परत याल.

खेळ्यांतला (गुहागर)

देवगडच्या ताईंचा मुद्दा मनाला लागला. पण बर्फात काळा सूट उठून दिसतो एवढ्याने हिशेब मिटत नाही. ज्याच्याकडे दहा सूट आहेत तो नकाशा बघून सूट बदलतो. ज्याच्याकडे एकच आहे तो मरतो.

मी शिमग्याला खेळ्यांबरोबर फिरतो, त्यामुळे मला हे संकासुरावरून कळतं. अंगात काळे कपडे, डोक्यावर टोकदार टोपी, पांढरी दाढी. रात्री माडाच्या बागेतल्या वाटेने तो आला तर पाच हातांवरही दिसणार नाही. पण त्याच्या कंबरेला घुंगरं बांधलेली असतात. खळ्यात पोचायच्या आधी आवाज पोचतो, आणि लहान पोरं आईच्या पदराआड जातात. ज्याला काळा केला त्याला वाजता केला. गेममधल्या काळ्या सुटाला घुंगरं कुठे आहेत?

चांगल्या गेमनी याचा विचार केलेला आहे. टीम फोर्ट्रेस 2 हा 2007 चा गेम. त्यातली नऊ पात्रं अशी घडवली आहेत की नुसत्या सावलीच्या आकारावरून कोण आलं ते ओळखावं. आमच्या दशावतारात मागच्या रांगेतला म्हातारासुद्धा पात्र रंगमंचावर पाय ठेवतं तेव्हाच ओळखतो, तसंच. पुढे 2009 पासून त्यात टोप्या आल्या, त्या वाढत गेल्या आणि तो आकार बराच विस्कटला, हेही खरं. व्हॅलोरंट या गेमने वेगळी वाट धरली. शत्रूच्या अंगाभोवती रंगीत कड असते, मुळात लाल. ज्यांना लाल नीट दिसत नाही त्यांना पिवळी किंवा जांभळी निवडता येते. पात्रांचे कपडे विकायला न काढता कमाई बंदुकांच्या स्किनवर, म्हणजे विकतच्या रंगरूपावर, ठेवली. तो गेमही फुकटच आहे, वेंगुर्लेकर, आणि 2020 पासून चालला आहे.

हर्णै बंदर

आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. एकाच्या फोनवर सेकंदाला 90 चित्रं (एफपीएस), दुसऱ्याच्या फोनवर जेमतेम 40. कोणी आयपॅड घेऊन बसतो, त्याच्या पडद्याचा आकारच असा की त्याला वरचं-खालचं आपल्यापेक्षा जास्त दिसतं. आमच्याकडे पावसात वीज गेली की थोड्या वेळाने टॉवरही जातो, पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) 300 मिलिसेकंदांच्या वर. मी गोळी मारतो तेव्हा समोरचा तिथून निघून गेलेला असतो. हे सगळं सोडून कपड्यांवर काय बोलता?

खेळ्यांतला (गुहागर)

पिंग आणि फोन गेमच्या बाहेरचे. ते बनवणाऱ्याच्या हातात फारसे नाहीत. कपडा तोच बनवतो आणि तोच विकतो. म्हणून त्याला विचारायचं.

कुडाळचा आयोजक

आम्ही वर्षातून दोनदा हॉल घेऊन स्पर्धा भरवतो, 16 स्क्वॉड, मोठ्या पडद्यावर प्रक्षेपण. मागे एकदा बाद फेरीत असाच काळ्या सुटावरून वाद झाला आणि हरलेला संघ उठून गेला. तेव्हापासून नियम केला: गेम सर्वांना फुकट देतो त्यातलेच कपडे, आणि एका स्क्वॉडला एकच उजळ रंग. मॅचमध्ये जे सापडेल ते घालायला मोकळीक, गिली सूटसुद्धा.

याचा एक फायदा आम्हाला आधी सुचलाच नव्हता. मागे बसलेल्या पालकांना पहिल्यांदा कळायला लागलं की कोण कुठल्या संघाचा. कबड्डीच्या मॅचसारखा आरडाओरडा झाला. तोटाही सांगतो. काही मुलं नाराज झाली. त्यांनी महिनोन्‌महिने जमवलेले पोशाख हॉलमध्ये मित्रांना दाखवायचे होते. आता मॅच सुरू होण्यापूर्वी लॉबीत जे हवं ते घालू देतो, तो पडदा दोन मिनिटं मोठ्या स्क्रीनवर ठेवतो, मग बदलायला लावतो.

आणि एक भेद इथे कोणी केला नाही. फ्री फायर या गेममध्ये गन स्किनला डॅमेज (गोळीचा मार), रेट ऑफ फायर (गोळ्या सुटायचा वेग) असे गुण जोडलेले असतात. तिथे दिसण्याचा प्रश्नच उरत नाही, पैसे देऊन थेट बंदूक बदलते. माझा खरा राग त्यावर आहे. काळा सूट त्यामानाने लहान गुन्हा.

जेटीवरचा (रत्नागिरी)

कुडाळकरांचा लॉबीचा उपाय मला पटला. देवगडच्या ताई, तुमचा रेनकोट जावा असं मला मुळीच वाटत नाही, पहिल्या पोस्टमध्ये मी तो विचारच केला नव्हता. आता असं म्हणतो: तुमच्या स्क्वॉडला तुम्ही पिवळ्याच दिसाव्यात. शत्रूला कोणताही कपडा दिसो, त्याभोवती एक बारीक कड असावी. मग काळा घाला, पिवळा घाला.

देवगडची

कड चालेल. पण शत्रूलाही मी पिवळीच दिसायला हवी. मला मारलं तर कोणाला मारलं ते त्याला कळू दे.

वेंगुर्ल्याचो

कड केलास की लपाचा कसा? स्नायपरचो अर्धो खेळ लपण्यातच आसा. माका अजून पटूक नाय.

पुतण्या (पनवेल)

काका, धाग्याची लिंक आईने पाठवली. तो सूट मी पहिल्या पगारातून घेतला, कारण त्याच्या पाठीवर चंदेरी वाघ आहे आणि मला तो आवडतो. लपण्यासाठी घेतलाच नव्हता. जिन्यात थांबलो कारण खालच्या मजल्यावर तुमची पावलं ऐकू येत होती. तुम्ही पूर्ण वेळ धावत होता. पहिली पायरी चढलात तेव्हा मी स्कोप लावला.

तरी रेकॉर्डिंगमध्ये मी दिसत नाही हे मीही पाहिलं, ते बरोबर वाटलं नाही. दिवाळीत येतोय. तेच घर, तोच जिना, मी फुकटचा पांढरा शर्ट घालतो. तुम्ही हेडफोन लावून या, आणि या वेळी चालत या.