सबवूफरची केबल: भारीतली घ्यावी की डिशची उरलेली आरजी-६ पुरते?

खर्ज_सा: एव्हीआरच्या (होम थिएटरचा अ‍ॅम्प्लिफायर) सब-आउटपासून (सबवूफरसाठीचं सॉकेट) अ‍ॅक्टिव्ह सबवूफरपर्यंत (स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असलेला बेसचा स्पीकर) महागडी केबल ओढणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं, असं माझं स्पष्ट मत आहे. या तारेतून जेमतेम १२० हर्ट्झपर्यंतचा सिग्नल जातो. दहा मीटर आरजी-६ची (टीव्ही-डिशची कोअ‍ॅक्स, म्हणजे मधे तार आणि भोवती जाळी असलेली केबल) कपॅसिटन्स (विद्युतभार साठवायची क्षमता, तिने वरच्या फ्रिक्वेन्सी दबतात) साधारण ५५० पिकोफॅरड. एव्हीआरचा आउटपुट इम्पिडन्स (सिग्नलला होणारा अडथळा) १ किलोओहम धरला, तरी सिग्नल ३ डेसिबलने पडतो तो थेट २९० किलोहर्ट्झपाशी. मग बेस कमी होईलच कसा? डिश बसवून उरलेली आरजी-६ घ्या, टोकांना एफ कनेक्टर (डिशच्या तारेची आट्यांची पिन) आणि एफ-टू-आरसीए अडॅप्टर (आरसीए म्हणजे ऑडिओची नेहमीची गोल पिन) लावा, झालं.

तांबटआळी: गणित बरोबर, निष्कर्ष घाईचा. केबल बेस खात नाही, पण घरघर आणू शकते. आरसीए केबलमध्ये बाहेरची जाळी हीच सिग्नलची परतीची वाट. एव्हीआर आणि सब यांच्या अर्थिंगमध्ये फरक असला की त्याच जाळीतून ५० हर्ट्झचा करंट वाहतो. समजा तो १ मिलिअँपिअर आहे. जाळीचा रोध १ ओहम असेल तर १ मिलिव्होल्ट सिग्नलमध्ये मिसळतो, ०.१ ओहम असेल तर ०.१ मिलिव्होल्ट, म्हणजे २० डेसिबलने कमी. लहान स्पीकरवर ही घरघर फारशी ऐकू येणार नाही, पण ५० हर्ट्झ दणकून वाजवणं हेच तर सबचं काम!

डिशच्या स्वस्त केबलची मधली तार बहुतेकदा तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची असते. ती इथे चालते, कारण सबचा इनपुट इम्पिडन्स सहसा १० किलोओहम किंवा त्याहून जास्त असतो. अडचण बाहेरच्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलची आणि विरळ जाळीची आहे. ९५ टक्के तांब्याची जाळी असलेली आरजी-५९ (तशीच, थोडी बारीक कोअ‍ॅक्स) घ्या. सोन्याचा मुलामा, केबलवरच्या दिशादर्शक बाणाच्या खुणा यांसाठी मात्र एक रुपयाही देऊ नका.

खर्ज_सा: जाळीचा मुद्दा मान्य. तरी रोग अर्थिंगचा आहे, केबल बदलून तो दबेल, जाणार नाही. आधी सबमधून आरसीए काढा. घरघर थांबली तर ती परत लावून टीव्ही किंवा सेट-टॉप बॉक्सची कोअ‍ॅक्स काढून बघा. बहुतेकदा चोर तिथेच सापडतो. केबल टीव्ही असेल तर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (सिग्नल जाऊ देऊन तारांमधली थेट विद्युतजोडणी तोडणारं उपकरण) बसवा. डिशच्या तारेवर तो चालणार नाही, कारण एलएनबीला (डिशवरचा सिग्नल पकडणारा भाग) त्याच तारेतून १३ किंवा १८ व्होल्ट जातात. मग एव्हीआर आणि सब एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. अर्थची पिन कापायचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका, त्यात जीव जाऊ शकतो.

मंद्रसप्तक: आरसीएच्या वाटेत लावायचा ट्रान्सफॉर्मरवाला आयसोलेटरही सुचवला जातो. स्वस्तातल्याचा गाभा लहान असतो, तो ३० हर्ट्झच्या खाली सॅच्युरेट होतो (त्याची चुंबकीय क्षमता संपते) आणि नेमका खोल बेसच फाटतो. त्यापेक्षा तांबटआळी म्हणतात ती केबल बरी.

पॅसिव्ह सबचा (स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर नसलेला) हिशोब अगदी वेगळा, तिथे तारेची जाडी हवीच. ४ ओहमचा सब दहा मीटरवर असेल तर जाऊन-येऊन वीस मीटर तार होते. ०.५ चौरस मिमीच्या तांब्यात ०.७८ ओहम, म्हणजे सुमारे दीड डेसिबल तिथेच गेले. २.५ चौरस मिमी घेतली तर ०.१६ ओहम. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार असेल तर रोध दीडपटीहून जास्त धरा.

तांबटआळी: भिंतीतून नेणार असाल तर विजेच्या पाइपातून आरसीए ओढू नका. २५ मिमीचा वेगळा पाइप टाका, विजेच्या तारांपासून फूटभर लांब, आणि आत ओढदोरी सोडून ठेवा.