शेवटची सनद १९०२ ची : उमरावपद देणे थांबवावे की रद्दच करावे?

दप्तरदार (धागाकर्ता)

स्वीडनचा राजा दुसरा ऑस्कर याने १९०२ साली स्वेन हेडिन या भूगोलसंशोधकाला उमरावपदाची सनद दिली. मध्य आशियातील वाळवंटे आणि तिबेटचे पठार पालथे घालून आलेल्या हेडिनने आडनावाआधी उमरावपणा दाखवणारे ‘आफ’ किंवा ‘फॉन’ लावण्याची राजाची सूचना मानली नाही. त्याचे कुलचिन्ह मात्र स्टॉकहोमच्या रिद्दारहूसेत या उमरावगृहाच्या मोठ्या दिवाणखान्यात, दोन हजारांहून अधिक घराण्यांच्या ढालींच्या ओळीत, रीतसर लागले. तीच स्वीडनमधील अखेरची सनद ठरली. पाचव्या गुस्ताफने १९०७ ते १९५० आणि सहाव्या गुस्ताफ आडोल्फने १९७३ पर्यंत राज्य केले, पण दोघांपैकी एकानेही नव्या घराण्याला उमराव केले नाही. अधिकार कागदावर शाबूत होता. १९७४ च्या राज्यघटनेत त्याचा उल्लेखच ठेवला गेला नाही आणि तो कोणताही गाजावाजा न होता संपला.

सौम्यपणे मिटवलेला प्रश्न म्हणून या घटनाक्रमाचे कौतुक केले जाते. माझे मत नेमके उलटे आहे. नव्या सनदा बंद करायच्या आणि जुन्या मात्र तशाच चालू ठेवायच्या, या धोरणामुळे उमरावशाही सौम्य झाली नाही, तर निव्वळ रक्ताची झाली. १८८० मध्ये ‘वेगा’ या जहाजाचा कप्तान लुई पालांदर याला आशियाच्या उत्तर किनाऱ्यावरून केलेल्या सफरीबद्दल उमरावपद मिळाले होते. १८०९ च्या राज्यघटनेने नवे उमरावपद घराण्यातील प्रमुखापुरतेच मर्यादित ठेवण्याची तरतूद केली होती, म्हणजे सगळ्या मुलाबाळांना ते आपोआप मिळत नव्हते. या व्यवस्थेत अन्याय होताच, परंतु निदान कर्तृत्वाला आत शिरायला एक फट होती. १९०२ नंतर ती फट बुजली आणि आत असण्याचे एकच कारण उरले, ते म्हणजे योग्य घरात झालेला जन्म. या वर्गाचे उरलेसुरले विशेषाधिकार कायद्याच्या पुस्तकातून निघायला २००३ साल उजाडावे लागले.

याउलट नॉर्वेकडे पाहावे. १८१४ च्या राज्यघटनेने नव्या जहागिरी निर्माण करण्यास मनाई केली, आणि स्टोर्टिंग या संसदेने उमरावपदे रद्द करणारा कायदा १८१५ व १८१८ मध्ये मंजूर केला. राजाने दोन्ही वेळा संमती नाकारली. मात्र सलग तीन संसदांनी मंजूर केलेला कायदा राजाच्या संमतीवाचूनही अमलात येईल, असे राज्यघटनेतच लिहिलेले होते. १८२१ च्या उन्हाळ्यात कार्ल योहान राजाने राजधानीबाहेर एटेर्स्टाडच्या माळावर फौजा गोळा करून धाक दाखवला, तरीही स्टोर्टिंगने तिसऱ्यांदा तोच कायदा मंजूर केला आणि १ ऑगस्टला राजाला सही करावी लागली. तेव्हा हयात असलेल्यांच्या पदव्या त्यांच्या मृत्यूपर्यंत राहू दिल्या; पुढे वारसा नाही. थांबवण्याची आणि संपवण्याची ही एकच सुबक रीत होती, असे मला वाटते. इतरांचे काय मत आहे?

उत्तरायण

धागाकर्त्यांनी नॉर्वेची कथा रंगवून सांगितली, पण तिच्यातील सर्वात महत्त्वाची गोष्ट सांगायची राहिली. त्या काळी नॉर्वेत मोजण्याइतकी जहागीर होती तरी किती? यार्ल्सबर्ग व लार्विक या दोन काउंटी (काउंटच्या जहागिरी) आणि रोझेंदाल ही एक बॅरनी (बॅरनची जहागीर). जे जवळजवळ नव्हतेच ते रद्द करणे हे धैर्य असेल, पण त्यासाठी मोजावी लागणारी किंमत किरकोळ होती. स्वीडनमध्ये सैन्य, न्यायालये, दरबार आणि परराष्ट्र खाते या सर्व ठिकाणी उमराव घराणी रुजलेली होती. तिथे नॉर्वेचा कित्ता गिरवला असता, तर पिढ्यान्‌पिढ्या चालणारे वैर मागे उरले असते.

शिवाय स्वीडिश उमरावांनी आपली खरी सत्ता स्वतःच्या मताने सोडली, हे आपण विसरलात. जुन्या चार वर्गांच्या संसदेत प्रत्येक उमराव घराण्याच्या प्रमुखाला जन्मतःच जागा असे. ती संसद मोडून द्विगृही, निवडलेली संसद आणण्याचा प्रस्ताव लुई डे येर यांनी मांडला, आणि ते स्वतः बॅरन होते. डिसेंबर १८६५ मध्ये रिद्दारहूसेतच्या त्याच ढालींनी भरलेल्या दिवाणखान्यात मतदान झाले. बाहेर चौकात लोक निकालाची वाट पाहत उभे होते, आणि पाद्री वर्ग आपले मत देण्यापूर्वी उमराव काय करतात याकडे डोळे लावून बसला होता. प्रस्तावाच्या बाजूने ३६१ आणि विरोधात २९४ मते पडली. आपल्याच राजकीय मृत्युलेखावर सही करणारा वर्ग इतिहासात क्वचित सापडतो.

१९०२ नंतर सनदा का थांबल्या, याचे उत्तरही त्या मतदानातच आहे. संसदेतील जागा गेल्यावर सनदेत नावाच्या मानापलीकडे काही उरले नव्हते, मग राजाने ती द्यावी कशाला आणि एखाद्याने मागावी कशाला? राहिला प्रश्न जुन्या घराण्यांचा. स्वेन हेडिन १९५२ मध्ये निपुत्रिक वारला आणि सर्वात शेवटी उमराव झालेले ते घराणे त्याच्याबरोबरच संपले. नवी भरती बंद असली की काळच हे काम करतो, त्यासाठी कायद्याची कुऱ्हाड लागत नाही.

कोकणकडा

उत्तरायण यांच्याशी सहमत. फिनलंडचे उदाहरणही याला जोडून घ्यावे. रशियाच्या झारच्या अमलाखालील त्या महाराज्यात दुसऱ्या निकोलसने १९१२ मध्ये आउगुस्ट लांगहोफ यांना बॅरन केले, ती तिथली अखेरची सनद. १९१९ च्या प्रजासत्ताकाच्या राज्यघटनेने नव्या पदव्या देण्यास मनाई केली, पण जुनी घराणी आणि हेलसिंकीचे उमरावगृह यांना हात लावला नाही. जे प्रजासत्ताकाला आवश्यक वाटले नाही, ते राजेशाहीने करावे, हा आग्रह कशासाठी?

प्रश्नचिन्ह

दोन्ही बाजू ‘शेवटची सनद’ हे शब्द फार विश्वासाने वापरत आहेत. दार बाहेरच्यांसाठी बंद झाले. राजघराण्याच्या आप्तांसाठी ते अजून किलकिले आहे, आणि सगळी गंमत तिथेच आहे.

डेन्मार्कच्या १८४९ च्या राज्यघटनेने उमरावपद, पदवी व दर्जा यांना जोडलेले सर्व विशेषाधिकार रद्द केले. १९१९ च्या कायद्याने वंशपरंपरागत जहागिरींचे विसर्जन केले आणि मालकांना त्यासाठी पैसा व जमीन दोन्ही सरकारकडे द्यावे लागले. एवढे होऊनही संमतीशिवाय लग्न करणाऱ्या राजपुत्रांना ‘काउंट ऑफ रोझेनबोर्ग’ करण्याची प्रथा विसाव्या शतकात चालूच राहिली. राजपुत्र योआकिम यांची घटस्फोटित पत्नी अलेक्झांड्रा २००५ मध्ये फ्रेडरिक्सबोर्गची काउंटेस झाली, आणि २००८ मध्ये राणी मार्गरेटे यांनी दोन्ही मुलांना व त्यांच्या वंशजांना ‘काउंट ऑफ मोंपेझा’ ही पदवी दिली.

स्वीडनची तऱ्हा आणखी मजेशीर आहे. राजघराण्याबाहेरील मुलीशी लग्न केल्यामुळे पद गमावलेल्या राजपुत्रांना ‘काउंट ऑफ विसबोर्ग’ ही पदवी मिळाली, पण ती देणारा राजा स्वीडनचा नव्हता, लक्झेंबर्गचा शासक होता. ऑस्कर बर्नाडोट यांना १८९२ मध्ये आणि लेनार्ट, सिगवार्ड व कार्ल योहान यांना १९५१ मध्ये ती तिथूनच आली. घरच्या देवघरात चालत नाही म्हणून शेजारच्या देवळातून प्रसाद आणावा, तसा हा प्रकार. सिगवार्ड यांना त्यात समाधान नव्हते. राजपुत्र ही पदवी परत मिळावी म्हणून ते २००२ मध्ये मरेपर्यंत भांडत राहिले, आणि युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २००४ मध्ये तो अर्ज दाखल करून घेण्यास नकार दिला.

दप्तरदार

प्रश्नचिन्ह यांनी दिलेली माहिती मला मान्य आहे, आणि तिने माझाच मुद्दा बळकट होतो. पदवी संपलेली नाही, फक्त ती मिळवण्याचा मार्ग एका कुटुंबापुरता अरुंद झाला आहे.

उत्तरायण यांच्या ३६१ मतांचा मलाही आदर आहे. परंतु त्या मतांनी सत्ता सोडली, वेगळेपण सोडले नाही. आणि केवळ वापर थांबला म्हणजे प्रथा संपली, हे मला पटत नाही, कारण ब्रिटनचा अनुभव समोर आहे. तिथे १९६५ नंतर वंशपरंपरागत पीअर, म्हणजे उमराव, करणे बंद झाले होते आणि सर्वांनी ते कायमचे मानले होते. १९८३ मध्ये मार्गारेट थॅचर यांच्या शिफारशीवरून विल्यम व्हाइटलॉ आणि जॉर्ज टॉमस व्हायकाउंट झाले, आणि पुढच्याच वर्षी हॅरोल्ड मॅकमिलन अर्ल ऑफ स्टॉकटन झाले. व्हाइटलॉ यांना मुलगे नव्हते, टॉमस अविवाहित होते, म्हणून ती दोन पदे त्यांच्याबरोबरच लोपली. मॅकमिलन यांचे पद आजही वारसाकडे चालू आहे. संपवायचे असेल तर लेखी संपवावे.

सह्यवासी

एक तिसरी वाट कोणी विचारात घेतलेली नाही. बेल्जियमच्या राज्यघटनेच्या ११३ व्या कलमानुसार राजा आजही उमरावपद देऊ शकतो, पण त्याला कोणताही विशेषाधिकार जोडता येत नाही. सायकलपटू एडी मेर्क्स १९९६ मध्ये बॅरन झाले. पदार्थवैज्ञानिक फ्रांस्वा आंग्लेर यांना २०१३ मध्ये तोच मान मिळाला. दप्तरदार यांना कर्तृत्वासाठी फट हवी आहे ना? मग दार बंद करण्यापेक्षा ते उघडे ठेवून पदवी त्या व्यक्तीपुरती ठेवणे अधिक न्याय्य नाही का?

उत्तरायण

व्यक्तीपुरताच मान द्यायचा, तर त्याला उमरावपदाचा साज कशाला? त्यासाठी सन्मानचिन्हे पुरेशी आहेत. स्वीडनने आपल्याच नागरिकांना राजकीय सन्मानचिन्हे देणे सत्तरच्या दशकात बंद केले होते. ते २०२३ पासून पुन्हा सुरू झाले, आणि त्यातले काहीही मुलाकडे जात नाही. योगायोग पाहा, हेडिनलाही ब्रिटिश सरकारने १९०९ मध्ये ‘ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायर’चा नाइट कमांडर केले होते, आणि तोही त्याच्यापुरताच मान होता. हाच हेडिन पुढे हिटलरच्या जर्मनीची उघड बाजू घेऊन उभा राहिला. माणसाचा गौरव त्याच्या हयातीतच अंगलट येऊ शकतो, मग तो नातवंडांपर्यंत पोहोचवण्याची जोखीम कोणी घ्यावी?

आणि दप्तरदार, रद्द केल्याने तरी काय साधते? आपल्याकडे राज्यघटनेच्या १८ व्या कलमाने किताब बंद केले, १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता आणि तनखे गेले. तरी जुन्या संस्थानांच्या गावी लोक वारसांना महाराज म्हणतातच.

दप्तरदार

लोकांनी काय म्हणावे हा लोकांचा प्रश्न आहे, आणि त्यात कायद्याने पडू नये, हे मला मान्य. माझा आक्षेप सरकारी कागदाला आहे. भारताचे सरकार आपल्या कोणत्याही दस्तऐवजात कोणाला महाराज म्हणून मान्यता देत नाही. स्वीडनमध्ये मात्र उमरावगृहाला २००३ पर्यंत कायद्याने दिलेले सार्वजनिक स्थान होते, म्हणजे शेवटची सनद दिल्यानंतर तब्बल एक शतक.

प्रश्नचिन्ह

सरकारी कागदाचाच प्रश्न असेल, तर डेन्मार्ककडे परत या. सप्टेंबर २०२२ मध्ये राणी मार्गरेटे यांनी जाहीर केले की योआकिम यांच्या चारही मुलांचे राजपुत्र-राजकन्या हे दर्जे १ जानेवारी २०२३ पासून जातील आणि ती केवळ मोंपेझाचे काउंट व काउंटेस राहतील. मुले दुखावली, वडिलांनी जाहीरपणे नाराजी व्यक्त केली, राणीने काही दिवसांनी दिलगिरी मागितली, पण निर्णय बदलला नाही. म्हणजे ज्या देशाने १८४९ मध्ये उमरावपदातून सगळे अर्थ काढून घेतले, तिथे एकविसाव्या शतकात काउंट होणे ही पदावनती ठरली, आणि ती वंशपरंपरागत आहे. पुरुषवंशातील पुढच्या पिढ्यांना ती आपोआप मिळत राहील. दप्तरदार यांनी शेवटच्या सनदेची तारीख मागितली, तर डेन्मार्कसाठी मी ३० एप्रिल २००८ ही तारीख देईन.