सल्ला हवा: उंदरीण चाकावर पळायची कमी झालीये

डोंबिवलीची_मुक्ता:
मंडळी, माझ्याकडे दोन पांढऱ्या उंदरिणी आहेत, साखर आणि खडी. (हो, पाळलेल्या. 'घरात उंदीर कशाला' यावर वेगळा धागा काढा.) साखर सव्वा वर्षाची, खडी तिच्याहून बरीच लहान. रात्री दिवे बंद झाले की साखरचं चाक जे सुरू व्हायचं ते पहाटेपर्यंत घरघर घरघर, पण हल्ली ती मधेच उतरते नाहीतर चाकात नुसती बसून राहते आणि एखाद्या रात्री मात्र परत वेड्यासारखी पळते. खाणंपिणं ठीक वाटतंय. वय झालं म्हणायचं का आजारी आहे? आई म्हणते उन्हाळा आहे, आपण तरी कुठे पळतोय.

रात्रपाळी:
एखाद्या रात्री पळते त्याचं टेन्शन घेऊ नका. मादीचं चक्र चार-पाच दिवसांचं असतं, माजावर आली की त्या रात्री धावणं वाढतं आणि मग उतरतं. सव्वा वर्षाला ते चक्र विस्कळीत व्हायला लागतं, त्यामुळे ठराविक दिवशीच दिसेल असं नाही. आणि उंदराचं आयुष्यच साधारण दोन वर्षांचं, तरुण असताना रात्रीत पाच-दहा किलोमीटर सहज पळतात आणि पुढे कमी होतं, पण हळूहळू, महिन्या-दोन महिन्यांत. आठवड्यात निम्म्यावर आलं असेल तर ते वय नाही, दुसरं काहीतरी बघा.

खवचट_काका:
कोंडून ठेवल्यावर करणार काय बिचारे, कंटाळा येतो म्हणून पळतात. पळत नाहीये म्हणजे शहाणी झाली.

रात्रपाळी:
काका, नेदरलँड्समध्ये लायडनच्या संशोधकांनी उघड्यावर, रानात चाक ठेवलं होतं, 2014 साली छापून आलंय. रानटी उंदीर आपणहून येऊन त्यावर पळायचे, कुणी कोंडलं नव्हतं. बेडूक आणि गोगलगायीसुद्धा चढल्या होत्या चाकावर.

सातारी_शेपूट:
मुक्ताताई, चाक केवढं आहे? आणि पळताना शेपूट कशी असते तेवढं बघून सांगा.

डोंबिवलीची_मुक्ता:
पिंजऱ्याबरोबर आलेलं आहे, आत्ता पट्टीने मोजलं, 12 सेंमी. तारेच्या कांड्यांचं. शेपूट पाठीवर वळवून धरते, मला ती तिची स्टाईल वाटायची 😅

सातारी_शेपूट:
स्टाईल नाही हो, चाक लहान पडतंय. पाठ वाकवून पळावं लागतं, शेपूट वर धरून धरून तशीच वळलेली राहते. उंदराला निदान 15, खरं तर 20 सेंमीचं चाक पाहिजे आणि ते सलग पृष्ठभागाचं, कांड्यांच्या फटीत पाय अडकतो. हॅमस्टरचं मोठं चाक चालतं. जुनं तोवर काढूनच ठेवा.
पण नुसता चाकाला दोष देऊ नका, वजन करा. स्वयंपाकघरातला ग्रॅमवाला काटा, त्यावर उभा डबा ठेवून शून्य करा, सूर्यफुलाची एक बी टाका म्हणजे ती आत जाऊन बसते. रोज त्याच वेळेला. तीस ग्रॅमच्या जनावरात तीन ग्रॅम गेले तर ते खूप आहे. मग हातात घेऊन कानाशी धरा, श्वासाला टकटक किंवा शिट्टीसारखा आवाज येतो का, छातीचे आजार यांना पटकन होतात. पोटाखाली, काखेत गाठ लागते का तेही चाचपा, माद्यांना होतात. केस पिंजारलेले, पाठीला कुबड, डोळे अर्धे मिटलेले असं दिसलं तर धागा वाचत बसू नका, थेट डॉक्टर.

कोकणी_मावशी:
उन्हाचं पण खरं आहे हं, आईंचं बरोबर. तिशीच्या वर पारा गेला की यांना झेपत नाही, घाम येऊन अंग गार होईल अशी सोयच नाही यांना. कुंडीचं खापर ओलं करून ठेवा, त्यावर पसरतात. पंखा थेट अंगावर नको. आणि खोलीत डासांची कॉईल, धूप, कापूर काही लावता का? ते बंद करा आधी.

डोंबिवलीची_मुक्ता:
कॉईल लावतो रोज 😐 आजपासून बंद. वजन केलं, साखर 31 ग्रॅम, खडी 27. कानाशी धरलं तर साखरचा अगदी बारीक टिकटिक आवाज येतोय, खडीचा नाही.

सातारी_शेपूट:
मग चाकाची ऑर्डर टाका पण त्याची वाट बघू नका, उद्याच दाखवा. कुत्र्या-मांजरांचे बरेच डॉक्टर उंदीर बघत नाहीत, म्हणून आधी फोन करून विचारा. जवळ कुणी नसेल तर परळच्या बैलघोडा हॉस्पिटलला फोन करा. आवाजाचा व्हिडिओ काढून ठेवा, तिथे गेल्यावर घाबरून गप्प बसतात. आणि खडीला पण न्या, एकाच पिंजऱ्यात आहेत.