ऊसतोड टोळ्यांसाठी पीएचसीला जोडून हंगामभर काम करायचंय, सुरुवात कुठून करावी? (वाळवा तालुका)

कृष्णाकाठ:
वाळवा तालुक्यात आमचं छोटं नोंदणीकृत मंडळ आहे. गाळप सुरू झालं की कारखान्याभोवती बीड, जत, आटपाडीकडच्या टोळ्या उतरतात. आजवर त्यांच्यासाठी एका दिवसाचं शिबिर व्हायचं. यंदा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला (पीएचसी) जोडून पूर्ण हंगाम काम करायचं ठरलंय. निधी बेताचा आहे. दोन फार्मासिस्ट आणि एक निवृत्त सिस्टर वेळ देणार आहेत. परवानगी नक्की कुणाची लागते? पैसे औषधांवर घालावेत की यंत्रांवर? रक्तदाब, हिमोग्लोबिन, टीबी सगळं एकदम घ्यावं का? आणि टोळी गावाकडे निघाली की उपचार तुटतात, त्यावर काही चालणारी पद्धत आहे का?

माणदेशी_उपकेंद्र:
पीएचसी जिल्हा परिषदेची, म्हणून पत्र तालुका आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना जातं. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयासोबत काम असेल तर जिल्हा शल्य चिकित्सकांना. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला की तिथंच महिना जातो. मेडिकल ऑफिसरांच्या तोंडी होकारावर थांबू नका, त्यांची बदली झाली की नव्यानं सगळं सांगत बसावं लागतं. केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीत ठराव घ्या. कोणत्या वारी, कुठल्या तळावर, तपासणार कोण, नोंद कुणाच्या रजिस्टरला आणि कचरा नेणार कोण, एवढं त्यात लिहिलेलं असू द्या.

नोंद मात्र पीएचसीच्याच रजिस्टरला. मंडळाची वेगळी वही झाली की त्या रुग्णांचा औषधाचा खप केंद्राच्या हिशेबात दिसत नाही. मग मागणी वाढत नाही आणि ऐन जानेवारीत रक्तदाबाच्या गोळ्या संपतात. केंद्राचा आराखडा सपाट भागात ३०,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येवर बसवलेला आहे. टोळ्या त्यात धरलेल्या नाहीत. म्हणून गाळपाआधीच कारखान्याच्या शेती विभागाकडून टोळ्यांची यादी आणि कोयत्यांचा आकडा घ्या आणि मेडिकल ऑफिसरांना द्या. एक कोयता म्हणजे जोडपं. सोबतची मुलं आणि म्हातारी माणसं त्या यादीत नसतात, ती त्यांच्या झोपड्यांवर म्हणजे कोप्यांवर जाऊनच मोजायची. तुमच्या मंडळाकडून यंदा हे एकच काम नीट झालं तरी पीएचसीला त्याचा फार मोठा आधार होईल.

औषधं परस्पर वाटू नका. द्यायचीच असतील तर समितीमार्फत, साठ्याच्या नोंदीत चढवून आणि लांब मुदतीची. खरा तुटवडा वाहतुकीचा असतो. तळावरून पीएचसी आठ-दहा किलोमीटर असली की माणूस जात नाही. आठवड्यातून एक ठरलेली गाडी हा पैशांचा सगळ्यात चांगला उपयोग.

लॅब_मिरज:
सगळं एकदम घेऊ नका. गरोदर बायका, पाच वर्षांखालची मुलं आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला, एवढ्यांपासून सुरुवात करा. रक्तदाब डिसेंबरपासून.

हिमोग्लोबिनसाठी स्ट्रिपचं डिजिटल यंत्र चालतं, पण आकडे चुकतात ते बोटावर. ऊस तोडून हाताची कातडी जाड आणि चिकट झालेली असते. आधी साबणानं हात धुवायला लावा, मग स्पिरिट, आणि स्पिरिट पूर्ण वाळू द्या. टोचायचं डाव्या हाताच्या अनामिकेला, बाजूनं. पहिला थेंब पुसून टाका. बोट पिळलं की रक्तात पेशींबाहेरचं पाणी मिसळतं आणि आकडा खोटा कमी येतो. स्ट्रिपची डबी गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, उन्हानं आणि दमटपणानं स्ट्रिप खराब होतात. गरोदर बाईला ११ च्या खाली म्हणजे ॲनिमिया. ७ च्या खाली आकडा आला तर गोळ्या देऊन परत पाठवायचं नाही, त्याच दिवशी रुग्णालयात न्यायचं. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर नीट लागू पडत नाही, आणि तोडीवर चहा सतत होतो. कॅल्शियमच्या गोळीपासून दोन तासांचं अंतर हवं. हे प्रत्येकीला वेगळं सांगावं लागतं.

रक्तदाब मोळ्या वाहून आलेल्या माणसाचा लगेच घेतला तर वाढलेलाच येणार. पाच मिनिटं टेकून बसू द्या, आधीच्या अर्ध्या तासात चहा-तंबाखू नको. दोन वेळा मोजा. १४०/९० किंवा वर आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा, मगच औषधाचं ठरवणं मेडिकल ऑफिसरांवर सोडा.

लॅन्सेट (बोट टोचायची सुई) पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम शिबिरांनाही लागू आहेत. तळावर मुलं अनवाणी फिरतात, तेव्हा एकही सुई मागे राहता कामा नये.

खटाव_टीबी:
उपचार तुटण्याबद्दल. टीबीचा नेहमीचा कोर्स सहा महिन्यांचा आणि हंगाम त्याहून लहान. म्हणजे वाळव्यात सुरू झालेला कोर्स बहुतेक वेळा बीडमध्ये किंवा जतमध्येच पुरा होणार, हे पहिल्या दिवसापासून गृहीत धरा.

नोंदणीच्याच वेळी मूळ गाव, तालुका, तिथली पीएचसी आणि दोन फोन लिहून घ्या: एक मुकादमाचा (टोळी आणणाऱ्याचा), दुसरा गावाकडे राहिलेल्या नातेवाइकाचा. रुग्णाचं स्वतःचं सिम हंगामात बदलतं. फेब्रुवारीच्या मध्यालाच निघणाऱ्यांची यादी बनवा. पट्टा पडायची (गाळप संपायची) वाट बघितली तर टोळी हिशेब झाला की रातोरात निघून गेलेली असते. निक्षय या टीबी रुग्णांच्या सरकारी नोंदणी पोर्टलवर ट्रान्सफर टाकून थांबू नका, तिकडच्या क्षयरोग पर्यवेक्षकांनी रुग्ण स्वीकारला का हे फोन करून पक्कं करा. सोबत महिन्याची औषधं आणि निक्षय आयडी लिहिलेलं कार्ड द्या. गरोदर बाईजवळ माता-बाल संरक्षण कार्ड हवंच, त्यावर हिमोग्लोबिनच्या तारखा भरलेल्या असू द्या. जतच्या पूर्वेकडच्या बऱ्याच घरांत कन्नड बोलतात, त्यांना समजावायला त्यांच्याच टोळीतलं माणूस घ्या.

मंडळ निक्षय मित्र, म्हणजे टीबी रुग्णाला दरमहा शिधा देणारं, होऊ शकतं. ही योजना सप्टेंबर २०२२ पासून आहे, बांधिलकी किमान सहा महिन्यांची. मोठ्या माणसाच्या महिन्याच्या शिध्यात ३ किलो धान्य, दीड किलो डाळ, २५० ग्रॅम तेल आणि १ किलो दूध पावडर किंवा शेंगदाणे. इथे शेंगदाणेच द्या, कोपीत दूध पावडर टिकत नाही. धान्य ज्वारी-बाजरी. अडचण अशी की शिधा अख्खं घर खातं आणि आठवड्यात संपतो. झारखंडमधल्या रेशन्स अभ्यासात (२०२३) रुग्णाबरोबर घरच्यांनाही वेगळं धान्य-डाळ दिली होती, आणि घरच्यांमध्ये नव्यानं टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. रुग्ण थोडेच असतील तर कमी घरं घ्या, पण पूर्ण घराचा शिधा द्या.

सरकारी पोषण भत्ता नोव्हेंबर २०२४ पासून महिना १,००० रुपये झाला आहे, पण खातं बंद पडलेलं किंवा आधारला न जोडलेलं असलं की अडकतो. फार्मासिस्ट मंडळींना हे तपासायला लावा. आणि शिधा देताना फोटो अजिबात नको. टोळीत आजार कळला की पुढच्या वर्षीची उचल (आगाऊ रक्कम) नाकारली जाईल ही भीती माणसाच्या मनात असते.

कृष्णाकाठ:
फार उपयोगी. तळावर जायची वेळ कोणती धरावी? आणि रुग्णालयात न्यायचं म्हटलं की नवरे नको म्हणतात.

फडावरून:
दिवसा जाऊ नका, तळ रिकामा असतो. संध्याकाळी सहा ते आठ. त्यातही बायका चुलीपाशी असतात, म्हणून सिस्टरना कोपीपर्यंत जाऊ द्या, टेबल मांडून बोलावू नका. मुकादम समोर असला की पाळीच्या किंवा अंगावरून जाण्याच्या तक्रारी कुणी सांगत नाही. कारखाना ब्रेकडाऊनमुळे थांबला तर तो दिवस पकडा. शेती विभागाच्या स्लिपबॉयशी (तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्याशी) ओळख ठेवली की तासाभरात कळतं.

नवरा नको म्हणतो त्यामागं खाडा आहे. कोयत्यातलं एक जण गेलं की दुसऱ्याचंही काम थांबतं आणि मुकादम पैसे कापतो. गाळपाआधीच कारखाना आणि मुकादमांसोबत बैठक घेऊन आरोग्य केंद्राच्या चिठ्ठीवर खाडा धरायचा नाही असं लिहून घ्या. गरोदर बाईला न्यायला १०२, तातडीच्या वेळी १०८. दोन्ही गाड्यांना तळ सापडत नाही, म्हणून गट नंबर, जवळची वस्ती आणि रस्त्यावरची खूण लिहिलेला कागद प्रत्येक मुकादमाकडे आणि आशाताईंकडे द्या. फड बदलला की तो कागदही बदलायचा.