लोकेशन साऊंडची बॅग घ्यायचीये, साइज आणि आतल्या मांडणीसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गेली दोन वर्षं लोकेशनवर साऊंड रेकॉर्ड करतोय, जास्त करून डॉक्युमेंटरी आणि मुलाखती, अधूनमधून शॉर्ट फिल्म. बहुतेक वेळा एकटाच असतो, म्हणजे बूमही (लांब काठीवरचा माइक) माझ्याच हातात आणि रेकॉर्डरही माझ्याच गळ्यात. आतापर्यंत एका जुन्या कॅमेऱ्याच्या शोल्डर बॅगेत सगळं कोंबून काम भागवलं, पण आता मानेला त्रास सुरू झालाय आणि त्याहून वाईट म्हणजे बॅगेमुळेच आवाज खराब होतोय अशी माझी खात्री पटत चाललीये. नीट ऑडिओ बॅग आणि हार्नेस (बॅग अंगावर पेलणारे पट्टे) घ्यायचं ठरवलंय. एकदा घेतली की चार-पाच वर्षं तीच वापरणार, त्यामुळे आधी तुम्हाला विचारतोय.

सामान असं आहे: रेकॉर्डर झूम एफ८एन, बूमवर सेनहायझर एमकेएच ४१६ माइक, लॅपलसाठी (कपड्याला लावायचा छोटा माइक) सेनहायझर जी४ चे दोन वायरलेस सेट, म्हणजे ट्रान्समीटर बोलणाऱ्याकडे आणि रिसीव्हर माझ्या बॅगेत, आणि कॅमेऱ्याला स्क्रॅच ऑडिओ (नंतर जुळवणीसाठी कामचलाऊ आवाज) पाठवायला त्याच सिरीजचा अजून एक ट्रान्समीटर जो बॅगेतच असतो. टाइमकोडसाठी (कॅमेरा आणि रेकॉर्डरची वेळ जुळवायला) टेंटॅकलचा एक डबा. पॉवरला एनपी-एफ९७० बॅटरी, ती ७.२ व्होल्टची आणि रेकॉर्डरच्या हिरोज सॉकेटला (बाहेरच्या पॉवरचं सॉकेट) ९ ते १८ व्होल्ट लागतात म्हणून मध्ये १२ व्होल्ट करून देणारा एक छोटा कन्व्हर्टर.

मागच्या महिन्यात काय झालं ते सांगतो. एका वयस्कर बाई शेताच्या बांधावरून चालत बोलत होत्या, कॅमेरा पुढे उलटा चालतोय आणि मी बाजूने बूम धरून. त्यांचं बोलणं ऐन रंगात आलं आणि बूमच्या चॅनेलवर कर्र कर्र सुरू झालं. बूमची एक्सएलआर (माइकची तीन पिनांची केबल) बॅगेच्या भिंतीला दाबून वाकली होती, मी पाऊल टाकलं की पिन हलायची. एका हाताने बूम सांभाळत दुसऱ्या हाताने बघायला म्हणून फ्लॅप उघडला तर वेल्क्रोचा खर्रर आवाज थेट बूममध्ये गेला. बाई थांबल्या, माझ्याकडे बघितलं, आणि नंतर तोच प्रसंग पुन्हा सांगायला लावला तेव्हा तो तसा आलाच नाही. त्यांनी नवऱ्याच्या आठवणीत मध्येच घेतलेला तो श्वास माझ्या फाइलमध्ये त्या खर्रर खाली गाडला गेलाय. हे मला फार लागलं.

दुसरी अडचण रेंजची. रिसीव्हर बॅगेत नसताना, टेबलावर ठेवून बघितलं तर लॅपल चांगला लांबपर्यंत चालतो. बॅगेत टाकले की पंधरा-वीस पावलांवर सिग्नल तुटायला लागतो. मधल्या काळात केबलींचा गुंता नको म्हणून मी रिसीव्हरच्या केबली गोल गुंडाळून टाय लावून टाकल्या होत्या, त्यानंतर हे वाढलं असं वाटतंय पण नक्की सांगता येत नाही.

प्रश्न असे:

बॅग किती मोठी घेऊ? रेकॉर्डर जेमतेम १८ सेंटिमीटर रुंद आहे, त्यामुळे छोटी बॅग पुरेल असं वाटतं, पण इनपुट दोन्ही बाजूंना चार-चार आहेत. ओर्का आणि के-टेक दोन्हींच्या बॅगा बघतोय, दोघांकडे लहान-मोठे साइज आहेत आणि फोटोत सगळंच सुटसुटीत दिसतं, कारण फोटोत केबल लावलेली नसते.

रिसीव्हर आणि तो कॅमेऱ्याचा ट्रान्समीटर नेमके कुठे ठेवता तुम्ही लोक?

आणि हार्नेस. फक्त खांद्यावरचा घ्यावा की कमरेला बेल्ट असलेला? सगळं मिळून माझं वजन साडेपाच किलोच्या आसपास जातं.

आगाऊ आभार.

प्रतिसाद

बॅगेचा साइज ठरवायची एकच खात्रीची पद्धत मला माहितीये. सगळं सामान टेबलावर मांडा, शूटला जशा लावता तशा सगळ्या केबली लावा, अगदी हेडफोनसकट, आणि मग मोजपट्टी घ्या. सरळ एक्सएलआर प्लग आणि त्यामागचं केबलचं वळण धरलं तर प्रत्येक बाजूला सहा-सात सेंटिमीटर जातात. म्हणजे तुमचा १८ चा रेकॉर्डर बॅगेत ३० च्या वर झाला. राईट अँगल (काटकोनात वळलेल्या प्लगच्या) एक्सएलआर लावल्या तर यातलं निम्मं वाचतं आणि केबल भिंतीला टेकत नाही, तुमचा कर्र कर्र तिथेच संपेल. केबली सोल्डर करता येत असतील तर बॅगेतल्या केबली स्वतःच बनवा, जेवढ्या लागतात तेवढ्याच लांबीच्या.

खोलीकडेही बघा, ते लोक विसरतात. रेकॉर्डर बॅगेत ठेवला की त्याचं तोंड वर आणि मागचं पॅनेल तळाला. एफ८एनचं हिरोज आणि टाइमकोडचे बीएनसी सॉकेट मागेच आहेत, म्हणजे ते तळाशी दाबले जाणार. खाली फोमचे दोन ठोकळे द्या, मध्ये फट ठेवा, केबल त्या फटीतून बाजूला काढा. ठोकळे मागच्या बाजूला थोडे उंच कापले तर स्क्रीन तुमच्याकडे तिरका होतो, मान न वाकवता मीटर दिसतात. बाजूच्या भिंती चेन उघडून पूर्ण खाली पडतील अशीच बॅग घ्या. वरून हात घालून केबल बदलायची वेळ आली की चालू टेकमध्ये काही करता येत नाही.

आणि वेल्क्रोचा फ्लॅप कॅमेरा रोल व्हायच्या आधीच उघडून मागे दुमडून ठेवायचा, ही सवय लावून घ्या.

प्रतिसाद

रेंजबद्दल. तुम्ही जे केबल गुंडाळल्याचं लिहिलंय तिथेच मला शंका आली. जी४ च्या त्या छोट्या रिसीव्हरला दिसते ती अँटेना एकच, दुसरी अँटेना म्हणून तो स्वतःच्या ऑडिओ केबलचं शील्ड (तारेभोवतीचं धातूचं आवरण) वापरतो. ती केबल गोल गुंडाळून टाय लावली की दुसरी अँटेना जवळजवळ गेलीच. केबल मोकळी, शक्यतो सरळ, बॅगेच्या कडेने न्या आणि पॉवरच्या केबलीपासून लांब.

दुसरं कारण तो कॅमेऱ्याचा ट्रान्समीटर. रिसीव्हर लांबून येणारा अगदी क्षीण सिग्नल पकडायची धडपड करतोय आणि त्याला चिकटून एक ट्रान्समीटर ओरडतोय, फ्रिक्वेन्सी वेगळी असली तरी रिसीव्हर बधिर होतो. दोन्ही रिसीव्हर एका टोकाला, ट्रान्समीटर दुसऱ्या टोकाला, जमलं तर बॅगेच्या बाहेर हार्नेसवर पाठीमागे. फ्रिक्वेन्सी पण शक्य तितकी लांबची निवडा. रिसीव्हर आतल्या कप्प्यात नकोत, पुढच्या बाहेरच्या खिशात अँटेना वर उभी राहील असे. ५०० मेगाहर्ट्झला पाव वेव्हलेंग्थ १५ सेंटिमीटर होते, दोन अँटेनांमध्ये निदान तेवढं अंतर ठेवायचा प्रयत्न करा, एकमेकींना टेकलेल्या तर नकोतच.

तिसरा संशयित तुमचा कन्व्हर्टर. व्होल्टेज वाढवणारे स्वस्तातले कन्व्हर्टर बराच रेडिओ कचरा टाकतात. अंदाज बांधत बसू नका, अर्धा तास काढून तपासा. एकाला लॅपल लावून लांब उभं करा, रिसीव्हरवरचा आरएफ मीटर (सिग्नल किती जोरात येतोय ते दाखवणारा) बघा, आणि एकेक गोष्ट बंद करत जा. आधी ट्रान्समीटर. मग कन्व्हर्टर काढून रेकॉर्डर आतल्या एए सेलवर चालवा. कुठल्या वेळी मीटर सुधारतो ते लिहून ठेवा.

आणि पुढे कधी रिसीव्हरही त्याच बॅटरीवर चालवायचा मोह झाला तर जपून. पॉवर आणि ऑडिओ दोन्हीकडून ग्राउंड जोडला गेला की लूप तयार होतो आणि बारीक घूं किंवा शिट्टीसारखा आवाज येतो, जी४ चं आउटपुट अनबॅलन्स्ड (असला बाहेरचा आवाज न गाळणारं) असल्यामुळे तो लगेच ऐकू येतो. दोनच रिसीव्हर आहेत तोवर त्यांना एए वरच ठेवा असं माझं मत.

प्रतिसाद

हार्नेसबद्दल मी लिहिते, कारण मी पहिली तीन वर्षं खांद्याच्या पट्ट्यावर काढली आणि त्याची किंमत अजून मोजतेय. साडेपाच किलो खांद्यावर आणि वर हात डोक्यावर नेऊन बूम, यात मान आणि खांद्यामधला स्नायू दिवसभर सुटतच नाही. कमरेला बेल्ट असलेलाच घ्या. पण नुसता असून उपयोग नाही, तो कमरेच्या हाडावर बसला पाहिजे. आधी बेल्ट आवळायचा, मग खांद्याचे पट्टे नुसते टेकतील इतकेच ओढायचे. बॅग पोटाशी घट्ट हवी, पुढे लोंबकळली की तेच वजन दुप्पट वाटतं. कोणाचा तरी हार्नेस मागून तुमच्या पूर्ण वजनासकट वीस मिनिटं हात वर करून उभे राहा आणि मगच ठरवा.

हेडफोनचा पाव इंची पिन वर उभा राहतो आणि हार्नेसच्या छातीच्या पट्ट्याला अडतो, त्यालाही राईट अँगल लावा. चालताना पट्ट्यांचं बक्कल वाजतं का तेही घरी शांततेत ऐकून बघा, माझ्या एका बक्कलला कापडी टेप लावावी लागली होती.

मूळ धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः ताई तुमचे, काल रात्री पाठ शेकत बसून तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

आज सकाळी भावाला लॅपल लावून मोकळ्या मैदानात उभं केलं आणि सांगितल्याप्रमाणे एकेक करून बघितलं. केबलींचे टाय कापून त्या मोकळ्या केल्या तेव्हा थोडा फरक पडला. कॅमेऱ्याचा ट्रान्समीटर बंद केला तेव्हा मीटर एकदम वर गेला, भाऊ चाळीसेक पावलं लांब गेला तरी आवाज स्वच्छ. परत चालू करून तो पाठीमागे पँटच्या पट्ट्याला अडकवला तर जवळपास तसंच राहिलं, मी त्याच्याकडे तोंड करून असलो तर. पाठ फिरवली की अर्थातच कमी होतं. कन्व्हर्टर बंद केल्यावर मात्र मला काहीच फरक दिसला नाही, म्हणजे तो बिचारा निर्दोष निघाला. दोन महिने मी त्याच्यावरच संशय घेत होतो.

मोजमापही घेतलं. राईट अँगल धरून २६ सेंटिमीटर रुंदी आणि तळाच्या केबलींसकट २० उंची लागतेय, त्यामुळे सगळ्यात छोटा साइज बाद आणि त्याच्या वरचा घेणार. बॅग यायच्या आधी पुठ्ठ्याच्या खोक्यात फोम कापून मांडणी करून बघतोय, स्क्रीन तिरका करायची युक्ती तर फारच आवडली.

एक राहिलं. बॅटरी बदलायला मला मध्येच थांबावं लागतं. माझा पूर्ण सेटअप वॉटमीटरवर १० वॉटच्या आसपास ओढतो, फँटम (रेकॉर्डरमधून माइकला जाणारी पॉवर) चालू धरून. यावर काय उपाय?

प्रतिसाद

एनपी-एफ९७० साधारण ४७ वॉट-अवरची असते, कन्व्हर्टरमध्ये थोडं जातं, म्हणजे चार तास धरा. एनपी-१ पद्धतीची ९८ वॉट-अवरची लिथियम बॅटरी घेतलीत तर नऊ तासांच्या जवळ जाल, ती मुळातच १४ व्होल्टच्या आसपास असते त्यामुळे कन्व्हर्टरही नको. विमानाने जात असाल तरी १०० वॉट-अवरच्या आत बसते, फक्त सुटी बॅटरी केबिन बॅगेतच न्यायची, चेक-इनमध्ये नाही.

तोवर सध्याच्याच सेटअपमध्ये एक करा. एफ८एनमध्ये आत आठ एए सेल भरून ठेवा आणि मेन्यूत बाहेरची बॅटरी ठरावीक व्होल्टेजच्या खाली गेली की आतल्या सेलवर जाईल असं सेट करा. मग रेकॉर्डिंग न थांबवता बाहेरची बॅटरी बदलता येते. पण बॅटरीचा कप्पा बॅगेच्या बाहेरच्या बाजूला, एका हाताने उघडेल असा ठेवा, आणि त्याला वेल्क्रो नको, चेन बघा.

मूळ धागाकर्ता

आत्ताच सेल भरून करून बघितलं. रेकॉर्ड चालू ठेवून बाहेरची केबल खेचली, टाइमकोड पुढे सरकत राहिला आणि फाइल अखंड आली. पुढच्या आठवड्यात त्याच बाईंकडे परत जायचंय, तोपर्यंत बॅग आली नाही तर पुठ्ठ्याच्या मांडणीतला फोम जुन्याच बॅगेत बसवून नेईन.