हॉटेलात जेवायला जाताना खर्च आटोक्यात कसा ठेवता?

परळकरीण:
आम्ही पाच जण. मी, नवरा, सासू-सासरे आणि सातवीतली मुलगी. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी बाहेर जेवायचं, हे घरात ठरलेलं. गेल्या खेपेला दादरच्या एका एसी हॉटेलात गेलो. जेवणाचे २१०० झाले, त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज, मग जीएसटी. एकूण २४२५ रुपये ५० पैसे.

पैसे गेले त्याचं वाईट वाटलंच, पण मनाला लागलं ते वेगळंच. सासरे, म्हणजे आमचे आबा, मेनूकार्डातले उजवीकडचे आकडेच वाचतात आणि म्हणतात, "मला फारशी भूक नाही, तुमच्यातलंच घासभर घेईन." घरी आल्यावर दूध-पोळी खातात. मला ते बघवत नाही. जाणं बंद करायचं नाहीये. आबा पोटभर जेवतील आणि बिलही आवाक्यात राहील, असं काही सुचवा.

काउंटरवाला:
ताई, माटुंग्याला एका हॉटेलात १९ वर्षं बिलिंगला होतो, म्हणून लिहितो.

आधी तो सर्व्हिस चार्ज. तो सक्तीचा नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय की हॉटेलने तो आपणहून बिलात घालायचा नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते कायम ठेवलं. तुमच्या बिलात त्या २१० रुपयांवरही जीएसटी लागलाय. सर्व्हिस चार्ज काढला असता तर २२०५ झाले असते. पैसे देण्याआधी शांतपणे "हा काढून द्या" म्हणा. नाहीच ऐकलं तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. मात्र वेटरने नीट वाढलं असेल तर वाचलेल्यातले थोडे त्याच्या हातात द्या. ती पोरं गावाकडे पैसे पाठवतात, मी रोज पाहिलंय.

दुसरं म्हणजे एसी. साध्या हॉटेलात जीएसटी ५ टक्केच, एसी असो वा नसो. नोव्हेंबर २०१७ पासून तसंच आहे. पण बऱ्याच ठिकाणी वरच्या एसी हॉलचं मेनूकार्डच वेगळं असतं, तोच पदार्थ महाग. खाली बसा. काही छोटी हॉटेलं कॉम्पोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत असतात, त्यांना तुमच्याकडून जीएसटी घेताच येत नाही.

पाणी विचारलं की "साधं" म्हणा. बसल्याबसल्या मसाला पापड आणि सरबतं नकोत, बिल तिथेच फुगतं. पाच जणांना दोन भाज्या आणि एक डाळ पुरते. रोट्या एकदम दहा सांगू नका, गरम गरम दोन-दोन मागवा. सूप वन बाय टू घ्या.

गिरगावची नात:
ताई, आबांपुढे मेनूकार्ड ठेवूच नका. थाळीच्या ठिकाणी जा. माटुंगा स्टेशनसमोर पहिल्या मजल्यावर रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, १९४२ पासूनचं. केळीच्या पानावर वाढतात. तिथे एकदा ताट घेतलं की आकडे बघायचं कारणच उरत नाही. माझे आजोबा असेच होते. त्यांना "काय हवं?" विचारलं की "काही नको" यायचं. पान समोर आलं की मुकाट जेवायचे. फक्त जिना आहे, आबांचे गुडघे बघा. रात्रीऐवजी दुपारी जा.

ठाणेकर ७१:
अ‍ॅपवरून बिल भरल्यावर सूट मिळते कधीकधी. पण आधी अटी वाचा, किमान रकमेच्या नादात आम्ही जास्तीचं मागवून बसलो होतो.

परळकरीण:
काल दुपारी माटुंग्याला जाऊन आलो. आबा जिना कठडा धरून सावकाश चढले. रस्सम दोनदा मागून घेतलं, सासूबाईंना म्हणाले, "असं घरी करत जा." कूपन नवऱ्याने आधीच काढून ठेवलं होतं, त्यामुळे आकड्यांचा विषयच निघाला नाही. तुम्हा दोघांचे मनापासून आभार.

पुढच्या महिन्यात मुलीला पंजाबी हवंय. काउंटरवाले दादा, ते कॉम्पोझिशनवालं हॉटेल ओळखायचं कसं?

काउंटरवाला:
बिलावर वरच "कॉम्पोझिशन टॅक्सेबल पर्सन" असं छापलेलं असतं. ते असूनही खाली जीएसटीची ओळ दिसली, तर ती रक्कम देऊ नका.