छातीतल्या पाण्यात कॅन्सर, पण मूळ गाठ सापडत नाही

तुम्ही विचारलंत की आईंच्या छातीतल्या, म्हणजे फुप्फुसाभोवती साचलेल्या, पाण्यात ॲडिनोकार्सिनोमा (ग्रंथीच्या पेशींपासून होणारा कॅन्सर) निघाला, पण पेट स्कॅनमध्ये (सगळ्या शरीरात कॅन्सर शोधणारा स्कॅन) मूळ गाठ दिसली नाही, तर आता काय करायचं. त्यावर इथे बऱ्याच जणांनी आणखी स्कॅन सुचवलेत. त्याआधी त्या पाण्यालाच नीट विचारा.

पुढच्या वेळी टेस्टट्यूबभर नको, निदान ५०-६० मिली पॅथॉलॉजीला द्या आणि फॉर्मवर 'सेल ब्लॉक' (पाण्यातल्या पेशी गोळा करून मेणात बसवलेला ठोकळा) लिहून घ्या. नुसत्या स्लाइडवर बहुतेकदा पेशी कॅन्सरच्या आहेत एवढंच कळतं. ब्लॉकचे काप पाडून मार्कर, म्हणजे पेशी कुठल्या अवयवातल्या ते सुचवणाऱ्या चाचण्या, लावता येतात. टीटीएफ-१, नॅप्सिन-ए आले तर बोट फुप्फुसाकडे, गाटा-३ बहुधा स्तनाकडे, पॅक्स-८ बीजांडकोश किंवा मूत्रपिंडाकडे. फुप्फुस ठरलं तर त्याच ब्लॉकवर ईजीएफआर, आल्क या जनुकांच्या चाचण्या करायच्या असतात, कारण त्यात काही सापडलं तर उपचार गोळ्यांवरही होऊ शकतात. म्हणून मार्करची लांबलचक यादी लावून ब्लॉक संपवू देऊ नका. हे नेहमी घडतं!

मॅमोग्राफी आणि ओटीपोटाची तपासणी पेट स्कॅन झाला तरी करा.

दम लागतोय म्हणून सगळं पाणी एकदम काढू नये. साधारण दीड लिटरला थांबतात. मध्येच खोकल्याची उबळ आली, छाती आवळली, तर त्याआधीच. मिटलेलं फुप्फुस झटकन फुगलं की त्यातच पाणी साचू शकतं.

पाणी पुन्हा पुन्हा भरत असेल तर टाल्क, म्हणजे फुप्फुसाभोवतीची दोन आवरणं एकमेकांना चिकटवायला छातीत सोडतात ती पावडर. पण पाणी काढल्यावर एक्स-रेत फुप्फुस पूर्ण फुगलेलं दिसायला हवं, नाहीतर दोन आवरणं एकमेकांना टेकतच नाहीत, चिकटणार कुठून? तिथे छातीत ठेवलेली, घरीच पाणी काढता येईल अशी नळी बरी.